उतरणीचं गाडगं

जवारी भरलेल्या चार गाड्या गजराबाईच्या दारात तीन दिवस उभ्या होत्या. जुवं दगडावर टेकलेली, बैल दावणीला, आणि गाडीवान चिंचेखाली बसून पानाला चुना लावत होते. भरली गाडी दारात उभी ठेवण्यापरीस मढं ठेवलेलं बरं, असं गजराबाई म्हणायची. म्हणायची तीही चिंचेखाली नीट ऐकू जाईल अशी.

लढाईचं साल होतं. निजाम सरकारनं गल्ल्याची लेव्ही, सक्तीची धान्यवसुली, लावलेली. गाव बालाघाटाच्या माथ्यावर आणि सरकारी गोदाम खाली कळंबात. शुक्रवारपर्यंत जवारी गोदामात पडली पाहिजे, असं महसुलाचा गिरदावर घोड्यावर बसल्या बसल्या सांगून गेला होता. न पडली तर शिपाई येणार होते. शिपाई एकदा दारात आले की नुसत्या जवारीवर भागत नाही, कोंबडीपासून चौकशी सुरू होते, हे गजराबाईला ठाऊक होतं.

अडलं होतं शिंदीच्या गाडग्यावर.

रीत जुनी होती, तिच्या सासऱ्यानं घातलेली. माल घेऊन गाडी निघाली की उतरणीच्या तोंडाशी व्यंकट गुत्तेदाराच्या शिंदीखान्यापाशी थांबायची. तिथं मालकाच्या नावानं प्रत्येक गाडीवानाला दोन गाडगी शिंदी. एक हात जुवावर ठेवून, उभ्यानं, घटाघटा प्यायची. मग गाडीमागं बाभळीचा ओंडका सोलानं, जाड दोरानं, बांधायचा. तो जड ओंडका जमिनीला घासत यायचा आणि भरली गाडी बैलांच्या अंगावर धावू द्यायचा नाही. ओंडका बांधून झाला की उतरण. गजराबाईच्या दारची गाडी कोरडी उतरली, असं तीस वर्षांत कुणाची सांगायची छाती झाली नव्हती. ती स्वतः मिरवायची ते.

आणि आता तीच म्हणत होती, वर एक थेंब नाही.

"लिंबाजी, उन्हं कुठं आली बघ. जुपणार हाईस, का बैलाला अंगाई म्हणायला बसलाईस?"

लिंबाजी गाडीवानांत थोरला. पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या, बोलणं गुळमट. "जुपतो की आक्का. दोन गाडग्यांची जबान द्या, ह्या घडीला जुपतो."

"खाली जाऊन प्या की. जू उतरवा, बैलाला पाणी दावा, मग आडवं पडंस्तोर प्या. म्या पाजते. कळंबात पाजते."

"खाली पिणं ही तहान झाली आक्का. वर पिणं हा मान हाय."

"मानाला काय शिंगं असत्यात? त्याच उतरणीला धोंडीबा मेला गेल्या माघात. चाकाखालनं काढला तवा त्याची छाती पापडावानी झाली होती. तूच उचललास न्हवं?"

"उचलला की. पण धोंडीबा बैलानं मेला आक्का. हिऱ्या बुजला आन् गाडी गेली. तुमीच चावडीत सांगितलंत. गुन्हा बैलाचा, आन् सजा आमच्या नरड्याला व्हय?"

चिंचेखाली खसखस पिकली. गजराबाईच्या तोंडाला कधी कुणी कुलूप घातलं नव्हतं. सासऱ्यानं नाही, नवऱ्यानं नाही, गिरदावरानंही नाही. पण लिंबाजीच्या ह्या एका बोलानं ते लागलं. तिनं पदर खोचला, उगीच एका पोत्यावर थाप मारली आणि धूळ उडाली म्हणून तोंड फिरवलं.

तिचा मुलगा बलभीम त्यांच्यातच बसला होता. तीस वर्षांचा गडी, पुढची गाडी त्याची. "माय, गाव हसतंय," तो म्हणाला. "रविवारी भर बाजारात दवंडी काय पिटवलीस, उतरणीच्या आधी कुणी पिऊ नका, कुणी पाजू नका म्हणून. हलगीवाल्यालाच हसू आवरंना. म्हणला, दोन गाडगी पाजणारीच आता दवंडी देती."

"हसू दे. दात दिसत्यात, भूक दिसत न्हाय."

"मग आमाला कोरडं का धाडतीस? बैल तर इकलास तू."

ओसरीवर सिताबाई फाटकी पोती शिवत बसली होती. धोंडीबाची बायको. नवरा गेल्यापासून ती गजराबाईच्या घरीच राबत होती. बैलाचं नाव निघालं तशी तिची दाभण थांबली. तिनं वर पाहिलं नाही. "हिऱ्या बुजणारा न्हवता," ती पोत्याला सांगावं तशी म्हणाली. "म्या त्याला हातानं कण्या चारल्यात."

हे ती वर्षभर म्हणत होती. गजराबाई दर वेळी तिला काहीतरी काम सांगायची. आताही सांगितलं.

*

दुपारच्याला गजराबाई एकटीच उतरणीच्या तोंडाकडं चालत गेली. तिथं शिंदीखान्याला लागूनच दादामियाँ नालबंदाचं छप्पर होतं. दादामियाँ तिच्याच वयाचा, दाढी मेंदीनं लाल केलेली. त्यानं एक बैल आडवा पाडून चारी पाय बांधले होते आणि खुरात खिळे ठोकत होता.

"या गजराआक्का. उन्हाच्या कुठं? बसा की."

बसायला छपराच्या कुडाशी एक बाभळीचा ओंडका होता. बसून बसून गुळगुळीत झालेला. एका टोकाला सोलाचा करकोचा पडलेला. गजराबाई बसली नाही.

"ते लाकूड अजून ठेवलंय व्हय?"

"लाकूड कुठं जातंय आक्का. माणसं जात्यात."

त्यानं खिळा वळवला, कापला. बैल फुरफुरला. गजराबाईच्या डोळ्यांपुढं तो माघाचा दिवस आला. आला म्हणजे काय, गेलाच कुठं होता! बाकीच्या गाड्या उतरून गेलेल्या. धोंडीबाची गाडी मागं राहिलेली. ती स्वतः बाजाराला म्हणून त्याच्या गाडीत बसून आली होती, आणि इथं पाय मोकळे करायला उतरली होती. व्यंकट शिंदीच्या झाडांकडं गेलेला. धोंडीबानं दोन गाडगी प्याली आणि तोंड पुसून म्हणाला, "बास आक्का, अंगात कणकण हाय." तेवढ्यात शेजारगावचा एक गाडीवान हसला, गजराबाईच्या गड्याचं पोट चिमणीचं म्हणून, आणि उतरणीला लागला. तेवढंच. तिला ते लागलं. तिनं स्वतः मडकं उचललं, तिसरं गाडगं काठोकाठ भरलं. "माझ्या दारचा गडी दोन गाडग्यांत पाय मोजतो, असं कळंबात सांगू काय? बाप्या हाईस का बाई?" धोंडीबा हसला. तिचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नव्हता. प्याला. मग गाडीवर चढला आणि बैलांना हाकारलं. आपण पुन्हा गाडीत बसायच्या आधीच तो निघाला, म्हणून ती वाचली. ओंडका इथंच धुळीत पडला होता. तो बांधायचाच राहिला, हे तिला दुसऱ्या वळणावरचा आवाज ऐकल्यावर दिसलं.

आणि दिसलं होतं दादामियाँला, ह्याच छपरातून.

"म्या कुणाला बोललो न्हाय आक्का," दादामियाँ खाली बघतच म्हणाला. "खुदा कसम. पण तुमची दवंडी ऐकली तवा हसू आलं. माफ करा."

"तुमालाबी?"

"दवंडी खोटी न्हाय. पण निम्मी हाय."

"एक गाडगं द्यावं म्हणते," गजराबाई म्हणाली. "न्हायतर अर्धं. अर्ध्यानं कुणाला काय होतंय? मानबी राहील, शुद्धबी राहील."

"नाल अर्ध्या खिळ्यावर ठोकून देऊ का तुमच्या बैलाला?"

"तुमी खुरं बघा, दादामियाँ. माणसं म्या बघते."

*

अर्ध्या गाडग्यावर तडजोड झाली. लिंबाजीनं आधी दोन, मग दीड, मग एक म्हणून घासाघीस केली, पण गजराबाई हटली नाही. गुरुवारी तांबडं फुटताना गाड्या निघाल्या. पुढं बलभीम, मागं शिवशरण, मग लिंबाजीचा मेव्हणा, शेवटी लिंबाजी. गजराबाई पायी चालली. सिताबाई लिंबाजीच्या गाडीत पोत्यांवर बसली होती, दाभण आणि सुतळी घेऊन; वाटेत पोतं उसवलं तर शिवायला माणूस लागतं.

उतरणीच्या तोंडाशी व्यंकटनं गाडगी मांडून ठेवली होती. गजराबाईनं प्रत्येक गाडग्यात बोट घालून पाहिलं. मधोमध. एक बोट जास्त नाही.

"अळणी कालवणावानी दिसतंय," शिवशरण म्हणाला. विशीतला, तोंडानं तिखट. "हे पिऊन गावात सांगायचं काय? मान घेतला का भीक घेतली?"

"भीक तर भीक. घशाखाली घाल आन् सोल उचल."

लिंबाजीनं आपलं गाडगं हातात घेतलं, उजेडात धरलं, आणि न पिताच बलभीमपुढं केलं. "अर्धा मान पिऊन म्या माझ्या पोराला तोंड दावायचो न्हाय. पुढच्या गाडीचा मान थोर. घे मालका, तूच घे."

शिवशरणला ते पटलं. मेव्हण्यालाही. तिघांनी आपापलं अर्धं बलभीमपुढं धरलं आणि बलभीम, तिघा गाडीवानांनी मालक म्हटलं म्हणून फुगलेला, उपाशीपोटी एकामागून एक रिचवत गेला. गजराबाई तेव्हा शिंदीखान्याच्या मागं बैलांसाठी पाणी काढायला सांगत होती. परत आली तेव्हा चारी गाडगी उपडी. चार अर्धी. तीच जुनी दोन, आणि एकाच पोटात.

तिला हे कुणी सांगितलं नाही. तिनं पाहिली ती फक्त उपडी गाडगी, आणि मान हलवली.

बलभीम ओंडका बांधायला वाकला. सोल आसाभोवती घेतला, गाठ मारली, ओढून पाहिली. सुटली. तो हसला. पुन्हा मारली. गजराबाई बघत होती. लहानपणी तिनंच शिकवलेली गाठ. डोळे मिटून मारायचा तो. आता बोटं सोलावरून घसरत होती, ओल्या साबणावरून घसरावीत तशी.

"बलभीम, गाठ पाहू."

"झाली की."

"झाली न्हाय. वर चढू नगंस."

"माय, लोकं बघत्यात." तो चढला. कासरा आवळला. गजराबाई पुढं धावली आणि डाव्या बैलाची वेसण धरली. साठीची बाई, पायात वहाण नाही. बैल थांबला. बलभीमनं चाबूक हवेत ओढला. "सोड! बाईमाणसानं गाडी अडवायची न्हाय!"

चाबूक बैलाच्या पाठीवर पडला. बैल उसळला, आणि वेसण तिच्या हातातून निसटली. ती आडवी पडली. कोपर सोलवटलं, तोंडात धूळ गेली. चाक तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून गेलं. चाकावरच्या धावेचं लोखंड तिला गार लागल्यासारखं वाटलं. आणि चाकाच्या मागं, धुळीत, तिला दिसला तो ओंडका. सुटलेला. जागच्या जागी पडलेला.

"दगड! दगड लावा!" दादामियाँ छपरातून ओरडत आला. त्यानं हातोड्यासकट पुढं उडी टाकली आणि नालाचा लाकडी ठोकळा उजव्या चाकाखाली सारला. लिंबाजीनं डाव्या चाकाखाली धोंडा ढकलला. गाडी कुरकुरली, कलली, थांबली. पुढं चार पावलांवर उतरण सुरू होत होती. त्यापुढं वळण, आणि वळणापलीकडं निव्वळ हवा.

बलभीम खाली उतरला आणि चाकाला टेकून ओकला.

गजराबाई उठून बसली. कोपरातून रक्त मनगटापर्यंत आलं होतं. शेजारगावच्या दोन गाड्याही मागं येऊन थांबल्या होत्या. व्यंकट दारात उभा होता. पंधरा-वीस माणसं, आणि लिंबाजीच्या गाडीत, पोत्यांवर, सिताबाई.

"कितीक प्याला?" गजराबाईनं विचारलं.

लिंबाजीची मान खाली गेली. "आमी दिलं आक्का. मानाचं म्हणून."

"मानाचं." ती उठली. उभं राहायला तिला त्याच ओंडक्याचा आधार घ्यावा लागला. "ऐका. दवंडी दिली ती निम्मी होती. राहिलेली आता देते. पुन्यांदा देणार न्हाय, म्हणून कान उघडे ठेवा."

"ऱ्हाऊ द्या आक्का, लागलंय तुमाला," लिंबाजी म्हणाला.

"गप. हिऱ्या बुजला न्हाय. बुजला म्हणून म्या सांगितलं. धोंडीबानं दोन प्याली आन् नगं म्हणाला. अंगात कणकण हाय म्हणाला. म्या तिसरं भरलं. ह्या हातानं. बाई म्हणून हिणवलं त्याला. माझ्या दाराची शान राहावी म्हणून. तो ओंडका बांधायचा इसरला आन् गेला. ओंडका दादामियाँच्या कुडाशी हाय, वरीस झालं त्याच्यावर गाव बसतंय. जाऊन बघा." तिनं श्वास घेतला. "आजपासनं जू बैलाच्या मानंवरनं उतरल्याबगर माझ्या गाडीवानाच्या तोंडाला थेंब लागणार न्हाय. अर्धा न्हाय, पाव न्हाय. ज्याला पटत न्हाय त्यानं दुसरी गाडी धरावी. माझ्या पोरानंबी."

एवढं बोलून ती सिताबाईकडं वळली. शिव्या येतील, दगड येईल, हंबरडा तरी येईल, अशी तिची तयारी होती. सिताबाई दाभणीत ओवलेली सुतळी तशीच धरून बसली होती. तिनं गजराबाईच्या कोपराकडं पाहिलं.

मग म्हणाली, "बैल कुठं इकला?"

"अणदूरच्या जत्रंत. खंडोबाच्या."

"काय सांगून इकला?"

गजराबाईनं कोपरावर पदर दाबला. "बुजरा हाय म्हणून."

"मग तिथंबी जाऊन सांगा," सिताबाई म्हणाली, आणि वाकून पोत्याचा उसवलेला टाका घालू लागली.

पुढची गाडी लिंबाजीनं उतरवली. ओंडक्याची गाठ दादामियाँनं मारली. बलभीम उतरण संपेपर्यंत ओंडक्यामागं चालला, धूळ खात. कळंबात जुवं उतरल्यावर गजराबाईनं शब्द दिल्याप्रमाणं शिंदी मागवली. कोणी फारशी प्याली नाही.

*

अणदूरला जायला तीन मुक्काम लागले. गजराबाई शिवशरणची रिकामी गाडी घेऊन गेली. कधी कुणाच्या दारात हात पसरायला गेली नव्हती. सोयरिकीलासुद्धा माणसं तिच्याच ओसरीवर यायची. वाटेत ती शिवशरणशी बोलली नाही. त्यानंही तोंड उघडलं नाही. तो शहाणा होत चालला होता.

बैल घेतलेला वीरप्पा तेलाचा घाणा चालवायचा. अंगणात शिरताच करडईच्या पेंडीचा वास आला आणि लाकडाची कुरकुर. हिऱ्या घाण्याला जुपलेला होता. डोळ्यांवर कातड्याची झापड. गोल गोल गोल. वशिंडावरचे केस झडलेले. अंगानं तो वाळला नव्हता, वीरप्पा खायला घालणारा माणूस होता. पण पाय टाकायची रीत बदलली होती. पाय उचलायच्या आधी तो जमीन चाचपायचा.

"गाडीला का जुपत न्हाय ह्याला?" गजराबाईनं विचारलं.

वीरप्पानं हात पुसले. "बाई, हा बुजरा. माणूस मारलेला बैल. तुमीच न्हवं का सांगून दिलात? आमी पहिल्या दिवसापासनं झापड बांधली. दिसलंच न्हाय तर बुजंल कशाला?"

"झापड काढा."

"काढून काय करू? गाडी उलथून घेऊ?"

इथं सांगायची काही गरज नव्हती. इथं धोंडीबाला कुणी ओळखत नव्हतं. वीरप्पाला बदली बैल द्यायचा म्हणून तिनं आणलेला पांढरा खोंड गाडीमागं बांधलेला होता, आणि तो हिऱ्यापेक्षा चांगला होता. वीरप्पा न विचारता खुशीनं अदलाबदल करणार होता. नुसता बैल घेऊन परत गेली असती, तरी सिताबाईला कुठलं कळायला होतं!

गजराबाईनं पदर डोक्यावर घेतला, जरा पुढं ओढला, मग पुन्हा मागं सारला.

"बैल बुजला न्हवता," ती म्हणाली. "गाडीवान प्यालेला होता. आन् पाजणारी म्या."

घाणा थांबला नव्हता. हिऱ्या चालतच होता. तो फिरत तिच्या समोर आला तेव्हा तिनं हात पुढं केला आणि झापडीची गाठ सोडली. ती गाठ तिच्या ओळखीची नव्हती, घट्ट होती. दोनदा बोटं अडकली, नख मोडलं.

उजेड पडला तसा हिऱ्या थांबला. पापण्या फडफडवल्या. समोर म्हातारी, मागं उघडी गाडी, दारात अनोळखी कुत्रं भुंकत होतं, आणि शिवशरणनं घाबरून एक पाऊल मागं घेतलं.

बैल बुजला नाही. त्यानं मान खाली घातली आणि गजराबाईच्या सोलवटलेल्या कोपरावरची खपली हुंगली.